वाघदेव, नागराज आणि गांडूळ : चित्र कुणाचे, अर्थ कुणाचा?



गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या तरुणांनी व्यासपीठामागचा पडदा स्वतः रंगवला. गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या, तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती फेर धरलेले स्त्री-पुरुष, झाडे, कोंबड्या आणि एका कोपऱ्यात वाघ. मधोमध बाबासाहेब. पडदा देखणा झाला होता यात शंका नाही. आदल्या रात्री चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते तयारी पाहायला आले. त्यांनी पडद्याकडे बघून एवढेच विचारले, "पोरांनो, हा वाघ कोण?"

कुणालाच उत्तर देता आले नाही. एक जण म्हणाला, "काका, डिझाइन आहे ते." दुसरा म्हणाला, "आदिवासींचा देव आहे. मग आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आपल्या मंचावर देव कशाला? पुसून टाका." तिसरा म्हणाला, "आदिवासी मूलनिवासी, आपणही मूलनिवासी. म्हणजे हा मूळचा आपलाच वाघ." बारा वाजेपर्यंत वाद चालला. पडदा तसाच राहिला, पण प्रश्न सुटला नाही. त्या तीन उत्तरांवरच हा लेख आहे, कारण आमच्या मते तिन्ही उत्तरे चुकीची आहेत.

वाघ म्हणजे नक्षी नव्हे

आधी 'डिझाइन' या उत्तराकडे पाहू. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात वारली समाज राहतो. त्यांच्या पाड्यांच्या वेशीवर, रानाच्या तोंडाशी लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ दिसतो. सोबत बहुतेक वेळा चंद्र-सूर्य असतात आणि वर शेंदूर असतो. हा वाघदेव, म्हणजेच वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर आश्विन वद्य द्वादशीला त्याचा सण असतो, वाघबारस. पंचांगात त्याच दिवसाला वसुबारस म्हणतात. एकाच तिथीला एकीकडे गाय-वासराची पूजा होते आणि दुसरीकडे त्या गायीला खाऊ शकणाऱ्या वाघाला नैवेद्य दाखवला जातो. दोन संस्कृती जगाकडे कुठून पाहतात, हे समजून घ्यायला एवढी एक तिथी पुरेशी आहे.

वाघदेवाकडे वारली माणूस मोक्ष मागत नाही. त्याचे मागणे अगदी साधे असते. आमची गुरे राख, आम्हाला राख, आम्ही तुझ्या रानात येतो ते पोटासाठी येतो. हा एक करार आहे. रान तुझेही आहे आणि आमचेही आहे, तू तुझ्या मर्यादेत राहा, आम्ही आमच्या मर्यादेत राहू. शहरातल्या कलादालनात याच वाघाखाली 'आदिम अध्यात्म' अशी पाटी लागते. आम्हाला या शब्दाचा संशय येतो. ज्यांच्या श्रद्धेच्या मुळाशी भात, गुरे, पाऊस आणि रान आहे, त्यांच्या श्रद्धेला गूढ ठरवले की भाताचा, गुरांचा, पावसाचा आणि रानाचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. हे गूढपण पाहणाऱ्याच्या सोयीचे आहे, चित्र काढणाऱ्याचे नाही.

वारल्यांचे मूळ चित्र म्हणजे लग्नचौक. तो काढतात सुवासिनी. कुडाच्या भिंतीवर शेण आणि गेरूचा लेप, त्यावर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. ती सुपीकतेची, झाडापाल्याची देवी. जवळच्या छोट्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. भोवती झाडे, पाखरे, जनावरे आणि माणसे. चित्र पुरे झाले म्हणून विधी पुरा होत नाही. त्यापुढे धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. धवलेरी ही बाई असते. म्हणजे चित्र काढणारी बाई, लग्न लावणारी बाई आणि चौकाच्या मध्यभागी बसलेलीही बाईच. यात ब्राह्मण पुरोहिताला जागाच नाही. ज्या समाजात बाईला मंत्र म्हणायचाच काय, ऐकायचाही अधिकार शास्त्राने नाकारला होता, त्या समाजाच्या शेजारीच शतकानुशतके हे घडत आले आहे. आमच्या तरुणांनी पडद्यावर वाघ काढला, पण हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

चौकामागची वेठ

चित्राबद्दल बोलणारे बहुतेक लोक आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. ज्या लग्नासाठी हा चौक काढला जायचा, त्याच लग्नाने वारली माणूस गुलाम व्हायचा. लग्नाच्या खर्चासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्या शेतावर राबायचे. ते कर्ज सहसा फिटतच नसे. अशा जोडप्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. त्या लढ्यात गोदावरी परुळेकर होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकात हा सगळा इतिहास आला आहे. पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड हा वारली हुतात्मा झाला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. चौकातल्या पालघटीकडे नव्या जोडप्यासाठी सुफळ संसार मागितला जातो. चौकाबाहेर तेच जोडपे सावकाराच्या वहीत अडकते. चित्रातला आनंद खरा होता आणि वहीतला अंगठाही खरा होता. ज्यांना फक्त आनंद दिसतो ते चित्राचा गालिचा करतात. ज्यांना फक्त अंगठा दिसतो त्यांना आदिवासी म्हणजे केवळ पीडित वाटतो, त्यांना त्याची संस्कृती दिसत नाही. आंबेडकरी माणसाला दोन्ही दिसले पाहिजेत.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. ते बायकांच्या विधीत अडकून पडले नाहीत. त्यांनी कोळ्याचे जाळे, मुंग्यांचे वारूळ आणि रोजचे कष्ट चित्रात आणले. पण कागद आला, बाजार आला, सही आली आणि पैसाही आला, तेव्हा ज्या सुवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढले त्यांची नावे मात्र कुठेच आली नाहीत. हा प्रश्न म्हसे यांच्यावर ढकलून भागणार नाही. तो बाजाराला विचारायला हवा आणि आपल्यालाही विचारायला हवा.

नाग : एकाच शतकातले दोन दगड

आता दुसरे उत्तर, 'देव आहे, पुसून टाका.' ते देणाऱ्या तरुणाची भूमिका आम्हाला कळते. पण त्याला आम्ही विचारू, मग नागाचे काय करायचे?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले याचा खुलासा केला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून नव्हे, तर भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला आणि ही त्यांची भूमी आहे म्हणून. या शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचाही त्यांनी उल्लेख केला. त्याआधी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथातही त्यांनी नागांबद्दल विस्ताराने लिहिले होते. नाग म्हणजे सरपटणारा साप नव्हे, नाग म्हणजे माणसे, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. ग्रंथांमध्ये खांडववन जाळले जाते तेव्हा नाग होरपळतात, जनमेजय सर्पसत्र करतो तेव्हा नाग आगीत पडतात. बाबासाहेबांचे सूत्र हातात धरून वाचले की या कथा प्राण्यांच्या राहत नाहीत. रान जाळून जमीन घेतल्याची आणि माणसे संपवल्याची आठवण त्यांत दिसू लागते.

दगड काय सांगतात तेही पाहू. भारहूतच्या स्तूपाचे कठडे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले मानतात. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना ते १८७३ साली सापडले आणि आज ते कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांवर एरापत नागराजा बुद्धाला वंदन करताना दिसतो आणि त्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. चक्रवाक नागराजाही तिथे आहे, तोही नावानिशी. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पितळखोऱ्याच्या लेण्यात पाच फण्यांचा नाग कोरला आहे आणि पावसाचे पाणी त्याच्यातून वाहून जावे अशी योजना केली आहे. नाग आणि पाणी यांचे नाते कारागिराला किती जवळचे होते, ते तिथे दिसते.

आता पाचव्या शतकात या. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराजा बसलेला आहे. डोक्यामागे फण्यांचे छत्र, बसणे ऐटबाज, शेजारी राणी. तो कुणाच्या पायाखाली नाही. त्याच शतकात विदिशेजवळ, सांचीपासून हाकेच्या अंतरावर, उदयगिरीच्या लेण्यात भव्य वराह कोरला गेला. पृथ्वीला दातावर उचलणारा हा अवतार. त्याच्या पायाशी नाग आहे, फणाधारी आणि हात जोडलेला. एकच शतक, एकच चिन्ह, पण दोन ठिकाणी त्याची जागा वेगळी आहे. एका ठिकाणी तो राजा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जिंकलेला शत्रू आहे.

कुणी म्हणेल, भारहूतला नाग बुद्धापुढे वाकतोच की, मग फरक काय? फरक आहे. मुचलिंद नाग बुद्धावर फणा धरतो तेव्हा तो रक्षण करणारा असतो आणि बुद्ध रक्षण करून घेणारा असतो. एरापत वंदन करतो तेव्हा त्याचे नाव आणि त्याचे राजेपण कायम राहते. मतपरिवर्तन आणि पराभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५६ साली आमचे आजी-आजोबा दीक्षाभूमीवर वाकले, ते पराभूत होऊन नव्हे.

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली हेच केले होते. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह या अवतारांना त्यांनी देव मानायचे नाकारले आणि त्यांना आक्रमकांचे म्होरके म्हणून उभे केले. बळीराजाला नायक केले. म्हसोबात त्यांनी बळीच्या राज्यातला 'महासुभा' पाहिला. त्यांच्या प्रत्येक व्युत्पत्तीशी आज भाषाशास्त्र सहमत होईलच असे नाही. पण पद्धत त्यांनी दिली. चिन्ह दिसले की विचारा, यात कोण वर आहे, कोण खाली आहे आणि ही कथा कुणी सांगितली?

पूजा न करणे आणि इतिहास न वाचणे यांत फरक आहे. बावीस प्रतिज्ञांनी आम्हाला पूजा सोडायला सांगितली, डोळे मिटायला सांगितले नाही. वाघदेव पुसून टाकणाऱ्या तरुणाने हा फरक ध्यानात घ्यावा.

पृथ्वी कुणी आणली?

गोंडांच्या आणि त्यांच्या कथा सांगणाऱ्या परधानांच्या परंपरेत सृष्टीची एक कथा आहे. सगळीकडे पाणीच पाणी होते. बडादेवाला माती हवी होती. त्याने कावळ्याला शोधायला पाठवले. कावळ्याला खेकडा भेटला. माती गांडुळाने गिळली होती. खेकड्याच्या मदतीने गांडुळाकडून ती माती मिळवली आणि त्यातून धरती झाली. आज परधान चित्रकारांच्या चित्रांत कावळा, खेकडा आणि गांडूळ वारंवार दिसतात ते यामुळेच.

ही कथा वराहाच्या कथेशेजारी ठेवा. तिकडे एक महाकाय वीर पृथ्वीला दातावर उचलतो आणि शत्रूला मारतो. इकडे पृथ्वी आणतात ते कावळा, खेकडा आणि गांडूळ. जगाने ज्यांना घाणेरडे, क्षुद्र आणि पायाखालचे मानले, तेच ते जीव. यात कुणाचा वध होत नाही. काम वाटून घेतले जाते. शेतकऱ्याला माहीत असते की माती गांडूळच करते. ही कथा ज्यांनी रचली त्यांना मातीत हात घालायची लाज वाटत नव्हती.

भोपाळला १९८२ साली भारत भवन सुरू झाले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने पाटनगढचा तरुण जनगढसिंह श्याम तिथे आला. परधान पूर्वी बाणा वाजवून बडादेवाच्या आणि गोंड राजांच्या कथा गात. जनगढने त्या सुरांना ठिपक्या-रेषांत उतरवले. हरिण, मोर, मगर, साप सगळे त्याच्या रेषेत आले. त्याच्या मागून एक सबंध पिढी चित्रे काढू लागली. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, घरापासून हजारो मैल दूर, त्याने आत्महत्या केली. चित्राला जगभर मान मिळाला, पण चित्रकार एकटा पडला. जनगढ आठवला की 'आदिवासी कलेचा गौरव' हा शब्द आमच्या घशाखाली सहज उतरत नाही.

आपले म्हणून ओढून घेऊ नका

राहिले तिसरे उत्तर, 'तो वाघ मूळचा आपलाच.' हे उत्तर सगळ्यांत गोड आहे आणि म्हणून आम्हाला ते सगळ्यांत धोक्याचे वाटते.

पालघर जिल्ह्यातच सोपारा आहे. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला आणि त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. हा शिलालेख नेमका काय सांगतो? पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात. अशोक संबोधीला जाऊन आला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. शिकार सोडून माणसांना भेटायला निघालेल्या राजाचे शब्द वारल्यांच्या भूमीपासून इतक्या जवळ कोरले गेले होते. हा योगायोग आम्हालाही मोह घालतो. पण यावरून वाघदेव बौद्ध होता असे म्हणता येत नाही. त्याला पुरावा नाही. उलट तेराव्या शिलालेखात अशोक अटवीतल्या, म्हणजे रानातल्या लोकांना समजावतो आणि त्याच दमात आपल्या शिक्षा करण्याच्या ताकदीची आठवणही करून देतो. रानातल्या माणसाला राज्यसत्तेने दिलेली ताकीद आपल्या लाडक्या सम्राटाच्या लेखातही आहे. ते आम्ही लपवणार असू, तर इतिहास लपवणाऱ्यांना दोष द्यायचा आम्हाला काय अधिकार?

संविधान सभेत जयपालसिंह मुंडा यांनी 'आदिवासी' या शब्दाचा आग्रह धरला आणि 'वनजाती' नाकारली. आज त्याच माणसाला 'वनवासी' म्हणून हिंदू ठरवायचा उद्योग जोरात आहे. वाघोबा म्हणजे देवीचे वाहन, बडादेव म्हणजे महादेव, पालघट म्हणजे पार्वती असे समीकरण लावले की झाले. स्वतंत्र देव वाहन होतो आणि स्वतंत्र समाज अनुयायी होतो. आम्हीही उठून 'वाघोबा म्हणजे बोधिसत्त्व' असे म्हणू लागलो तर आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय उरेल? ब्राह्मणी व्यवस्थेने चिन्हे तीन प्रकारे गिळली. काहींना राक्षस केले, काहींना वाहन केले आणि उरलेल्यांना शोभेची वस्तू केले. चौथा प्रकार आमच्या हातून घडू नये.

आदिवासींशी आमचे नाते चिन्ह एक असण्याचे नाही. ते लढा एक असण्याचे आहे. वारली चित्रे विमानतळावर, रेल्वे स्थानकांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर दिसतात. २०१४ साली या चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि ज्या डहाणूत ही चित्रे जन्मली, तिथेच वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली, स्थानिक मच्छीमार आणि आदिवासी विरोध करत असताना. मुंबईच्या आरेत वारली पाडे आहेत, बिबटे आहेत. तिथली झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात तोडली गेली. भिंतीवरचा वाघ चालतो, पण रानातला वाघ आणि त्या वाघाशी करार करून राहिलेला माणूस मात्र अडचणीचा वाटतो. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे. आपल्या गावाजवळच्या पाड्यांवरचे किती दावे मंजूर झाले, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी तहसील कचेरीत जाऊन विचारला आहे?

म्हणून आमचे तरुणांना सांगणे एवढेच आहे. पडद्यावर वाघ काढा, पण आधी त्याचे नाव विचारून या. ज्याच्या चित्राची नक्कल केली त्याला मंचावर बोलवा, मानधन द्या, आणि चौक काढणारी बाई असेल तर तिलाच बोलवा. ती वाघदेवाबद्दल बोलेल, ते आपण श्रोते म्हणून ऐकू. पूजा करायची गरज नाही आणि तिच्या श्रद्धेची टिंगल करायचाही अधिकार नाही. अंधश्रद्धेवर बोलायचे असेल तर त्यांच्या घरात शिरून बोलण्याआधी त्यांच्या जमिनीच्या मोर्चात चालू. चालता चालता बोलणे होते आणि ते ऐकलेही जाते.

आणि पुढच्या जयंतीला ते ज्येष्ठ कार्यकर्ते पुन्हा येऊन "हा वाघ कोण?" असे विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. "काका, हा वाघदेव. वारल्यांचा. आमचा नाही. त्यांना विचारून काढलाय."

जय भीम! जय जोहार!